छोटे रेडिओ-नियंत्रित ग्लायडर: बांधणी, फेरफार आणि चाचणी उड्डाणात या चुका टाळा

नव्या ग्लायडरची पहिली फेक फसली की दोष वाऱ्याला किंवा फेकणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात दीड मीटरपर्यंत पंखविस्ताराच्या, फक्त रडर (शेपटीवरचे उभे, डावी-उजवीकडे वळवणारे पाते) आणि एलिव्हेटर (शेपटीवरचे आडवे, नाक वर-खाली करणारे पाते) यांवर चालणाऱ्या साध्या ग्लायडरचे बरेचसे भवितव्य बांधणीच्या टेबलावरच ठरलेले असते. मैदानावर त्यात भर पडते ती दुरुस्तीचा क्रम चुकल्याने. आधी वजनाची जागा, मग पंख आणि शेपटीचे कोन आणि सर्वांत शेवटी ट्रिम (हात न लावता रडर आणि एलिव्हेटर ज्या जागी राहतात ती जागा थोडी सरकवून ठेवणे), हा क्रम पाळला नाही तर एक दोष दुसऱ्या दोषाखाली झाकला जातो आणि ग्लायडर कधी बरे, कधी वाईट उडत राहते.

शेपटीकडे साचणारे वजन

बाल्सा या हलक्या लाकडाचे ग्लायडर बांधताना सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे शेपूट जड होऊ देणे. शेपटीसाठी हाताला लागेल ती कठीण फळी वापरली जाते, सांध्यांवर इपॉक्सी सढळ हाताने लावले जाते आणि पहिल्या अपघातानंतरच्या दुरुस्तीत त्यावर आणखी एक थर चढतो. गुरुत्वमध्यापासून (ग्लायडर ज्या बिंदूवर तोलून राहते तेथून) शेपूट 60 सेंमी मागे आणि नाक 20 सेंमी पुढे असेल, तर शेपटीतल्या प्रत्येक जादा ग्रॅमसाठी नाकात तीन ग्रॅम शिसे भरावे लागते. म्हणजे शेपटीत 5 ग्रॅम वाढले की एकूण वजन 20 ग्रॅमने वाढते. म्हणून शेपटीसाठी सर्वांत हलकी फळी निवडून काढावी, दोन्ही सर्व्हो (रडर आणि एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटारी) पंखाच्या पुढे बसवावेत आणि त्यांच्यामागे बॅटरी नव्हे तर फक्त पातळ पुशरॉड (सर्व्होची हालचाल शेपटीपर्यंत नेणाऱ्या काड्या) जाऊ द्यावेत.

गुरुत्वमध्याची पहिली जागा पंखाच्या सरासरी रुंदीच्या 30 टक्क्यांवर धरणे सुरक्षित असते. पंख 180 मिमी रुंद असेल तर ती पुढच्या कडेपासून 54 मिमीवर येते. पहिल्या फेकीसाठी ती 50 मिमीवर ठेवली तरी चालेल. पंख टोकाकडे निमुळता किंवा मागे झुकलेला असेल तर मुळाशी मोजलेली रुंदी वापरून फसगत होते. तोल पाहताना बॅटरी, रिसीव्हर आणि झाकण सगळे जागेवर असावे आणि बॅटरीभोवती फोम भरलेला असावा, कारण सैल बॅटरी सूर मारताना पुढे सरकली की तपासलेला तोल निरर्थक ठरतो.

पीळ पडलेला पंख

पंख मागून, दोन-तीन मीटर अंतरावरून, एक डोळा मिटून पाहावा. दोन्ही टोकांची मागची कड मुळाच्या तुलनेत सारखीच, साधारण 2 ते 3 मिमी वर असावी. हा वॉशआउट असला की ग्लायडर मंद वेगातही सरळ राहते. एका टोकाची मागची कड खाली गेली असेल, तर वेग कमी होताच ते टोक आधी स्टॉल होते, म्हणजे त्याची उचल संपते, आणि ग्लायडर त्याच बाजूला घेरी खाते. रडर ट्रिम लावून हा दोष झाकणे म्हणजे फक्त वेळ काढणे आहे. फिल्म (उष्णतेने आकसणारे पातळ प्लास्टिक) लावलेला पंख हवा तेवढा पिळून धरावा, इस्त्रीने किंवा गरम हवेने फिल्म ताणून घ्यावी आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत हात सोडू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेला पंख मैदानावर पुन्हा तपासावा. कोकणातल्या दमट हवेत टिश्यू पेपरने मढवलेल्या पंखाची तपासणी तर प्रत्येक वेळी करावी लागते.

फोमच्या फेकी विमानाला रिसीव्हर बसवणारे हौशी लोक दोन ठिकाणी हमखास अडकतात. फेविक्विकसारखा झटपट गोंद थर्माकोल जातीचा फोम विरघळवतो, म्हणून आधी तुकड्यावर लावून पाहावा. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: पंख सपाट असेल तर रडर दाबल्यावर नाक वळते, पण ग्लायडर कलत नाही आणि घसरत जाते. रडरने वळवायचे असेल तर डायहेड्रल (पंखांची टोके मुळापेक्षा वर उचललेली असणे) हवाच, 1.2 मीटरच्या पंखाची दोन्ही टोके प्रत्येकी सुमारे 50 मिमी उचलली तरी फरक लगेच जाणवतो.

सर्व्हो, पुशरॉड आणि वीज

रडर किंवा एलिव्हेटर उलट्या दिशेने हलणे ही क्षुल्लक वाटणारी चूक आजही पुष्कळ ग्लायडर मोडते. ग्लायडरच्या मागे उभे राहून तपासावे: ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे नेली की रडरची मागची कड उजवीकडे, दांडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर. यानंतरची तपासणी बहुतेक जण करीतच नाहीत. यंत्रणा चालू ठेवून एलिव्हेटर बोटाने हलकेच दाबावा. सर्व्होचा हात स्थिर असूनही एलिव्हेटर 3-4 मिमी दबला, तर पुशरॉड आत कमानीसारखा वाकतो आहे. त्याला मध्ये दोन ठिकाणी आधार द्यावा. ही लवचिकता संथ उड्डाणात दिसत नाही, वेगाने खाली येताना मात्र एलिव्हेटर ऐकेनासा होतो.

दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भारित असताना 8.4 व्होल्ट देते. 5-6 व्होल्टचे सर्व्हो तिला थेट जोडले की जळतात. कार्बनच्या धडात 2.4 गिगाहर्ट्झचा अँटेना आत ठेवू नये. त्याच्या टोकाची सुमारे 31 मिमी उघडी तारच काम करते, ती धडाबाहेर काढावी. दोन अँटेना असतील तर ते परस्परांशी काटकोनात असावेत.

पहिली फेक आणि तिचे वाचन

सकाळची शांत हवा, उंच गवत आणि क्रिकेटवाले येण्यापूर्वीचे मैदान एवढे पुरे आहे. ग्लायडर वर फेकणे ही नवशिक्यांची सहजप्रवृत्ती असते, पण वर फेकलेले ग्लायडर वेग गमावून नाकावर पडते आणि मग ‘नाक जड आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, पंख समतल ठेवून, क्षितिजाच्या किंचित खालच्या बिंदूकडे भाल्यासारखे सरळ सोडावे.

ग्लायडर नाक उचलते, थबकते, पडते आणि पुन्हा तेच करते, तेव्हा लगेच शिसे घालू नये. आधी एलिव्हेटर पाहावा. तो वर ट्रिम झालेला असेल तर खाली आणावा. तो शेपटीच्या रेषेत असूनही हेच होत असेल, तर पंखाचा कोन जास्त आहे किंवा गुरुत्वमध्य मागे आहे. पंखाच्या मागच्या कडेखाली 1 मिमीची पट्टी घातली की 180 मिमी रुंदीच्या पंखाचा कोन जेमतेम एक तृतीयांश अंशाने कमी होतो, त्यामुळे एका वेळी एकच पट्टी घालून पुन्हा फेकावे. पट्टी, शिसे आणि ट्रिम तिन्ही एकाच वेळी बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही.

सर्वाधिक गैरसमज सूर-चाचणीबद्दल आहे. रबर आणि दोरी ताणून ग्लायडर वर खेचणाऱ्या हाय-स्टार्टने किमान 50 मीटर उंची मिळाल्यावर ग्लायडर हात न लावता समतल उडेल असे ट्रिम करावे, मग नाक 30 ते 45 अंश खाली ढकलून दांडी सोडावी. ग्लायडर झपाट्याने नाक वर उचलत असेल तर पाहणाऱ्याला वाटते की शेपूट जड आहे, आणि तो नाकात आणखी शिसे भरतो. हे नेमके उलटे आहे. नाक जड असल्यामुळेच समतल उड्डाणासाठी एलिव्हेटर वर ट्रिम करावा लागलेला असतो आणि वेग वाढताच तो वर केलेला एलिव्हेटर नाक जोराने उचलतो. येथे शिसे काढावे, गुरुत्वमध्य 2-3 मिमी मागे न्यावा, ट्रिम खाली आणावा आणि चाचणी पुन्हा करावी. ग्लायडर सावकाश, मोठ्या कमानीत सावरू लागले की थांबावे. ते आणखीच खाली वळू लागले तर गुरुत्वमध्य फार मागे गेला आहे किंवा वर सांगितलेला पुशरॉड वाकतो आहे. तेव्हा दांडी हळूहळू ओढावी, झटका देऊ नये.

हाय-स्टार्टवर ग्लायडर डावी-उजवीकडे भरकटत असेल तर दोरी अडकवायचा हूक तपासावा. तो गुरुत्वमध्याच्या काही मिलिमीटर पुढेच असावा लागतो. साध्या उड्डाणात ते एकाच बाजूला वळत असेल, तर वळण वेगाबरोबर वाढते का ते पाहावे. वाढत असेल तर पंखात पीळ आहे. मंद वेगातच दिसत असेल तर बहुधा एक पंख जड आहे आणि हलक्या टोकात एखादी टाचणी पुरते.

ड्रोन नियम, 2021 मध्ये 25 किलोपर्यंतची, हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी मॉडेलही येतात. त्यामुळे मैदान पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रात आहे का ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहून घ्यावे. कामशेत किंवा पाचगणीच्या कड्यावर पहिली चाचणी घेण्याचा मोह मात्र टाळावा: कड्याच्या मागच्या बाजूला हवा भोवऱ्यासारखी खाली ओढते, उतरायला मोकळी जागा कमी असते आणि तीच हवा पॅराग्लायडरवाले वापरत असतात.