लोहाराची जुनी फिरती भट्टी घेताना

जळगाव-धुळ्याकडे भंगारात अशी उचलून नेता येणारी, हाताने पंखा फिरवायची भट्टी दिसली, तर गंजाला घाबरू नका. आधी पंख्याचा दांडा फिरवा. जाम असेल तर त्यात डिझेल ओतून रात्रभर ठेवता येतं, पण दातेरी चाकांचे दात झिजलेले असतील तर सरळ निघा. मग विस्तव ठेवायच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) परातीवर हलकेच टिचकी मारा. बद्द आवाज आला की तडा समजा. बिडाचं वेल्डिंग सहज टिकत नाही.

पेटवण्याआधी परातीला आतून मातीचं अस्तर द्या. आपली काळी कपाशीची माती नको, वाळताच भेगाळते. फायर क्लेमध्ये (आच सोसणाऱ्या मातीत) वाळू कालवा, सावलीत वाळवा. आणि तापलेल्या परातीत पाणी ओतून विस्तव विझवू नका. बीड तिथेच तडकतं.