डिसेंबरच्या आकाशात कृत्तिका आणि मिथुन उल्का

रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला मृग शोधा. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ वर वाढवली की तांबूस रोहिणी लागते, त्याच रेघेत आणखी वर कृत्तिकांचा झुबका. नुसत्या डोळ्यांना सहाएक तारे, १०×५० (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) दुर्बिणीतून कितीतरी निळसर ठिपके. हे दृश्य खरंच चुकवू नका. तारे हलताना दिसले तर दोष हाताचा: चटईवर उताणे पडा, कोपरं छातीला टेकवा. आधी एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस करा, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत.

उल्कांसाठी मात्र दुर्बीण बाजूला ठेवा, कारण तिच्यात आकाशाचा जेमतेम सहा अंशांचा तुकडा मावतो. मिथुन उल्कावर्षावाचा भर १३-१४ डिसेंबरला. उगमबिंदू, म्हणजे जिथून उल्का निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ; तो रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येतो, तेव्हा उल्का सर्वाधिक. नजर उगमबिंदूपासून थोडी दूर ठेवा, तिथे रेघा लांब दिसतात. तिथी आधी पाहा. पौर्णिमेजवळ फिकट उल्का चांदण्यात बुडतात.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाईल एकदा उघडला की पुन्हा तेवढीच वाट. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. भिंगावर दव धरलं तर पुसू नका, ओरखडे पडतात. दुर्बीण जरा वेळ स्वेटरखाली ठेवा.