पांढरा कोट उजळतो, चेहरा हरवतो : वर्णभेदाविरुद्ध बोलणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

१० डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे मानवी हक्क दिनी, अमेरिकेतील ७० हून अधिक वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पांढरे कोट घालून जमिनीवर निपचित पडून राहिले. न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर आणि फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन या कृष्णवर्णीयांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला होता आणि दोन्ही प्रकरणांत ग्रँड ज्युरी या नागरिकांच्या मंडळाने पोलिसांवर खटला चालवण्यास नकार दिला होता. या निदर्शनांतून ‘व्हाइट कोट्स फॉर ब्लॅक लाइव्ह्ज’ ही संघटना उभी राहिली. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, जून २०२० मध्ये, हेच कोट रुग्णालयांच्या दारांत गुडघ्यावर बसलेले दिसले. उंचावरून टिपलेली अशी दृश्ये परिणामकारक असतात यात शंका नाही; परंतु त्यांत कोटच दिसतात आणि बोलणारा माणूस दिसत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी महाविद्यालयांतील मंडळे आणि छायाचित्रकार एकेका विद्यार्थ्याचे पोर्ट्रेट आणि त्याचे म्हणणे अशी मालिका करतात. खेदाची गोष्ट अशी की तिथेही पुष्कळदा कोटच जिंकतो, आणि त्याची सुरुवात कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरपासून होते.

कोटावर मोजलेला प्रकाश

कॅमेऱ्याचे मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरते. स्वच्छ पांढरा कोट त्याच्या चार-पाच पट प्रकाश परत पाठवतो, आणि छातीपर्यंतच्या चौकटीत निम्मी जागा त्यानेच व्यापलेली असते. मीटर घाबरून एक्सपोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, कमी करते. कोट नीट येतो आणि गडद वर्णाचा चेहरा सावलीत बुडतो. ‘फरकच इतका आहे की कॅमेऱ्याला तो पेलत नाही’ ही सबब आज टिकणारी नाही. पांढरे कापड मध्यम करड्यापेक्षा साधारण सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वर असते, गडद त्वचा एखाद-दीड स्टॉप खाली असते, आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ चित्रात, हे साडेतीन-चार स्टॉपचे अंतर सहज मावते.

उपाय असा की शक्य असल्यास हातातल्या लाइट मीटरने चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजावा, कारण त्या मोजणीवर त्वचेच्या किंवा कपड्याच्या रंगाचा परिणाम होत नाही. तसे मीटर नसेल तर स्पॉट मीटरिंगने, म्हणजे कॅमेऱ्याला एका लहान ठिपक्यापुरताच प्रकाश मोजायला लावून, गालावर मोजावे; मात्र आलेले माप जसेच्या तसे घेऊ नये, कारण मीटर गडद त्वचेलाही करडी करू पाहते आणि चेहरा आहे त्याहून फिका येतो. अशा वेळी अर्धा ते एक स्टॉप कमी करावा. मग हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख, उजळ बाजूला म्हणजे उजवीकडे पाहून कोटाची वीण शिल्लक आहे एवढी खात्री करावी. कोटाच्या एखाद्या घडीतला तपशील गेला तर जाऊ द्यावा; कोणीही घडी पाहायला येत नाही. चेहऱ्यावर मास्क असेल तर तोही मीटरला तसाच फसवतो, म्हणून माप कपाळावर घ्यावे.

छोटा फ्लॅश, आणि नंतरची ओढाताण

गडद त्वचेचा आकार सावलीपेक्षा तिच्यावरच्या चमकेतून अधिक उलगडतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश ही चमक कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर टोचल्यासारखी गोळा करतो. त्यावर पावडरचा थर चढवला की चेहरा राखाडी दिसू लागतो. पोलरायझर, म्हणजे परावर्तित चमक अडवणारा फिल्टर, लावणे ही त्याहून मोठी चूक, कारण तो ती चमकच काढून घेतो आणि चेहरा निर्जीव होतो. मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी लावलेला दिवा, किंवा उत्तरेकडची खिडकी बाजूला घ्यावी. दिवा थोडा वर वळवून त्याची केवळ कड कोटावर पडू द्यावी, म्हणजे कोट आपोआप अर्धा-पाऊण स्टॉप शांत होतो. रिफ्लेक्टर नसला तरी चालते. हनुवटीखाली प्रकाश परत फेकण्याचे काम कोट स्वतःच करतो.

अंधारलेला चेहरा संगणकावर वर ओढला की त्यात रवाळपणा येतो आणि त्वचेतला तांबूस-सोनेरी रंग मरतो. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे चित्रातले रंग खरे यावेत म्हणून पांढऱ्याचा आधार ठरवताना, कोटावर क्लिक करण्याचा मोहही टाळावा. धुण्याच्या पावडरीतली उजळ करणारी रसायने फ्लॅशच्या अतिनील किरणांत निळसर चमकतात. तो निळेपणा काढण्याच्या नादात सॉफ्टवेअर संपूर्ण चेहऱ्यावर पिवळी झाक चढवते. ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचा प्रमाण कागद, हातात धरून एक फोटो आधी काढून ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

‘थोडे उजळ करून देतो’

ही सवय आपल्या स्टुडिओंतून, पासपोर्टच्या फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत, इतकी मुरलेली आहे की परदेशी गेलेला मराठी छायाचित्रकारही ती प्रीसेटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या तयार बदलांच्या, रूपाने सोबत नेतो. इथे तिला अजिबात जागा नाही, आणि त्याचे कारण सौजन्यापुरते नाही. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी अनेक दशके ‘शर्ली कार्ड’ वापरली जात, आणि त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती फर्निचर आणि चॉकलेटच्या उत्पादकांमुळे, असे कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांना कोडॅकच्याच माणसांनी सांगितले. वैद्यकशास्त्रातही नेमके हेच घडत आले आहे. पाठ्यपुस्तकांतली पुरळ आणि निळे पडलेले ओठ बहुतांशी गोऱ्या त्वचेवरचे असतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुकवेन्डे यांनी २०२० मध्ये दोन अध्यापकांसह गडद त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका काढली ती याच कारणाने. जो विद्यार्थी ‘आमच्या रुग्णांची त्वचा जशी आहे तशी पाहायला शिकवा’ असे म्हणतो, त्याचीच त्वचा आपण उजळ करून छापणे म्हणजे त्याचे म्हणणे त्याच्याच चेहऱ्यावर खोडून टाकणे होय.

सगळे कृष्णधवल करून गांभीर्य आणणे हीदेखील पळवाटच आहे, कारण त्यात त्वचेचा रंगच नाहीसा होतो.

जागा आणि आविर्भाव

डिसेंबर २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील १५ कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी लुइझियानातील व्हिटनी प्लँटेशन येथे, गुलामांच्या जुन्या लाकडी खोल्यांसमोर, पांढरे कोट घालून उभे राहिले. ते छायाचित्र जगभर पोहोचले. त्यात कोणाला मूठ उगारायला सांगावे लागले नाही. मागची भिंत आणि अंगावरचा कोट यांतले अंतर पुरेसे होते. शिवाय जागा विद्यार्थ्यांनी स्वतः निवडली होती. छायाचित्रकाराने ठरवलेली जागा, मागून दिलेला फलक, ‘जरा रागाने पाहा’ ही सूचना आणि गळ्यात उगाच अडकवलेला स्टेथोस्कोप यांतून जाहिरात तयार होते. अमेरिकेत विद्यार्थ्याचा कोट बहुधा कमरेपर्यंतच असतो आणि लांब कोट पदवीनंतर मिळतो. रुबाबासाठी उसना लांब कोट घालायला लावला तर तिथला प्रत्येक डॉक्टर ती चूक क्षणात ओळखतो. आणि मालिकेत सगळे विद्यार्थी कृष्णवर्णीयच असावेत असा आग्रहही तपासून पाहावा, कारण बोलण्याचे ओझे ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनीच वाहावे असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

संमती एकदाच घेऊन मोकळे होणे

तांत्रिक चुका दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतात. ही करता येत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थी शेवटच्या वर्षी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, अर्ज करतो. त्याला ज्येष्ठांची शिफारसपत्रे लागतात आणि कोणत्या रुग्णालयात जागा मिळाली हे मार्चमधल्या ‘मॅच डे’च्या आठवड्यात कळते. ज्या विभागाबद्दल तो आज बोलतो, त्याच विभागाचे लोक उद्या त्याचा अर्ज वाचणार असतात. म्हणून ‘फोटो वापरला तर चालेल ना?’ एवढे विचारणे पुरेसे नाही. चित्र कुठे लागणार, नाव, वर्ष आणि महाविद्यालय यांपैकी काय छापायचे, वृत्तपत्राने मागितले तर द्यायचे का, आणि ते मागे घ्यायचे असल्यास कोणाला कळवायचे, हे लेखी ठरवावे. सोबतचे विधान विद्यार्थ्याच्याच शब्दांत असावे, आणि काटछाट केल्यास अंतिम मजकूर त्याला दाखवूनच तो प्रसिद्ध करावा.

कोटावरचे ओळखपत्र आणि भरतकाम केलेले संस्थेचे बोधचिन्ह यांबद्दल अनेक महाविद्यालयांचे नियम असतात. विद्यार्थ्याला ते आधी वाचायला सांगावे, आणि ओळखपत्रावरचा क्रमांक कोणत्याही परिस्थितीत वाचता येऊ नये. रुग्णालयाच्या बोळात फोटो काढत असाल तर मागचा फळा, संगणकाचा पडदा, दारावरची नावाची पट्टी आणि चाकाच्या खुर्चीवरून चाललेला रुग्ण यांकडे चेहऱ्याइतकेच लक्ष द्यावे, कारण रुग्णाची ओळख उघड झाली तर त्याचा जाब छायाचित्रकाराआधी विद्यार्थ्याला द्यावा लागतो. सर्वात सोपे म्हणजे रुग्णालयाबाहेर फोटो काढावा. फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातली ठिकाणाची नोंद काढून टाकावी, आणि ज्याने संमती मागे घेतली त्याची मूळ रॉ फाइलही पुसावी.