शाई फुटत होती, त्यावरचा उपाय

बडोद्याच्या पावसाळ्यात मांडवी दरवाजाचं चित्र करताना नेमकी कमानीपाशी शाई फुटत होती, म्हणजे रेघेबाहेर पसरत होती. दोष शाईचा नव्हता. रेखाटन थेट ३०० जीएसएमच्या जाड जलरंगाच्या कागदावर केलं की खोडरबरानं वरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, निघतं. मग उघडे तंतू शाई ओढणारच.

आता खाडाखोड सगळी साध्या झेरॉक्स कागदावर. रेघ पक्की झाली की त्या कागदाच्या पाठीला २बी पेन्सिल फासायची, जादा भुकटी कापसानं पुसायची, तो जाड कागदावर ठेवायचा आणि वरून एचबीनं हलक्या हातानं गिरवायचं. ४एच नको, खाच पडते आणि रंग तिथेच साचतो. जास्तीचं शिसं मळता येणाऱ्या मऊ खोडरबरानं टिपायचं, घासायचं नाही. शाई जलरोधक पिगमेंटची. वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, दुसऱ्या दिवशी.

कोरा कागद सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवा. दमटपणानंही सायझिंग मरतं, आणि तिथले डाग रंग लागेपर्यंत दिसत नाहीत.