गीझर तडतडू लागला की

आमचा गीझर तापताना तडतडायचा, म्हणून उघडला. कॉइलवर बोटभर जाड पांढरा थर! जड पाण्यातले क्षार, दुसरं काय. आता दरवर्षी मीच साफ करते. आधी एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) बंद, पाणी गार होऊ द्यायचं, मगच टाकी रिकामी. (घाईत एकदा हात पोळून घेतलाय.) कॉइल पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की थर मऊ पडतो, सुरीने खरवडू नका. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड बघाच, टाकीऐवजी तो गंजून झिजतो. रॉडच्या आतली तार दिसली की तो बदला. गॅस्केट (कॉइलच्या झाकणाखालची रबरी चकती) नवंच घाला. टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याशिवाय बटण दाबू नका, कॉइल जळते. थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारी कळ) ६० अंश सेल्सिअसच्या वर नको, थर झपाट्याने साचतो. कॉइल बदलता येते. टाकीच गळायला लागली तर मात्र नवा गीझर घ्या.