टाकी उघडायच्या आधी कपलर काढून बघा

गाड्यांच्या वायरिंगचं काम मी बरीच वर्षं करतोय. पेट्रोलचा काटा बिघडल्याची तक्रार घेऊन गाडी येते तेव्हा टाकीतलं युनिट (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) बऱ्याचदा आधीच बदललेलं असतं, आणि काटा मात्र तसाच चुकीचा. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष टाकीत आहे की बाहेर, हे टाकीला हात न लावता कळतं.

या युनिटचा एक फ्लोट टाकीत तरंगत असतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक बोटं असतात आणि ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतात. पेट्रोल कमी-जास्त झालं की रेझिस्टन्सचे ओहम बदलतात, त्यावर मीटरमधला काटा चालतो. बिघडायला जागा मोजक्याच: फ्लोट आणि पट्टी, वायर आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग), अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी), नाहीतर मीटर.

आधी काट्याकडे नीट बघा. एका ठरावीक पातळीवरच तो पडतो आणि पुढे पुन्हा ठीक चालतो? मग पट्टी तिथे झिजलेली असण्याची शक्यता मोठी. लाइट लावल्यावर किंवा इंडिकेटरच्या तालावर हलतो? अर्थ तपासा. टेंपरेचरचा काटाही सोबत चुकत असेल तर टाकीकडे जाऊच नका, मीटरचा सप्लाय आणि अर्थ बघा. जुन्या गाड्यांत या दोन्ही काट्यांना व्होल्टेज स्थिर ठेवणारा एकच स्टॅबिलायझर असतो, साधारण १० व्होल्टचा. गाडीला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागत असेल तर तोही लावा: कोड पी०४६२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०४६३ म्हणजे फार जास्त.

आता मुख्य तपासणी. चावी बंद करा, मागची सीट उचला, झाकण काढा. बऱ्याच गाड्यांत युनिटचा कपलर तिथेच सापडतो. त्यातल्या जाड वायरी टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाच्या, त्यांना हात लावू नका. काट्याच्या वायरी बारीक असतात; कुठली सिग्नलची आणि कुठली अर्थची, हे त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून ठरवा, नुसत्या रंगावरून नाही. कपलर सोडवा आणि गाडीकडून येणाऱ्या त्या दोन वायरींमध्ये टाकीऐवजी एक रेझिस्टर जोडा. किती ओहमचा, ते युनिटवर अवलंबून. काही युनिटं रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्याला १८० ओहम देतात, काही उलटी चालतात: रिकाम्याला २४०, भरलेल्याला ३३. मधला आकडा घ्या. चावी ऑन करा आणि एक-दोन मिनिटं थांबा, कारण नव्या गाड्यांत काटा मुद्दाम सावकाश हलतो. तो मध्याच्या आसपास आला तर वायर आणि मीटर ठीक, दोष टाकीकडे. जागचा हलला नाही तर टाकी उघडून काही मिळणार नाही. सिग्नलची वायर थेट अर्थला टेकवून बघायची पद्धतही आहे, पण मी ती वापरत नाही. जुन्या गरम होऊन चालणाऱ्या गेजला ती जाळू शकते.

दोष टाकीकडे आहे असं दिसलं तरी आधी अर्थ. कपलर परत लावा, पंप चालू ठेवा आणि युनिटची अर्थ पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात व्होल्ट मोजा. ०.१ च्या वर गेलं तर मला शंका येते. एका गाडीत टाकी फुल करूनही काटा पाऊणच्या वर जाईना. युनिट नवं टाकलेलं होतं. मोजलं तर ०.८ व्होल्ट. वायर धरून मागे गेलो तर बॉडीवरच्या बोल्टखाली पांढरट-हिरवी पूड साचलेली, वॉशर बोटाने फिरत होता. घासून, आवळून चावी ऑन केली आणि काटा फुलला टेकला.

हे सगळं ठीक निघालं तरच टाकी उघडा. पेट्रोल पावपेक्षा कमी असू द्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, जागा मोकळ्या हवेची हवी, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. युनिट टाकीला धरून ठेवणारी लॉक रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका. लाकूड किंवा पितळ वापरा.

युनिट बाहेर आलं की फ्लोट कानाजवळ हलवा. आत डुबडुब आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो तरंगणार नाही. दांडी वाकली आहे का बघा. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी अगदी सावकाश खालून वर न्या. आकडे सलग चढायला किंवा उतरायला हवेत. ११२, ११५, आणि एकदम ओपन (म्हणजे जोडणी तुटलेली), पुढे पुन्हा १२१ असं दिसलं तर तीच ती झिजलेली जागा. डिजिटल मल्टिमीटर क्षणभराचा खंड गाळून टाकतो, म्हणून या कामाला मी अजून काट्याचाच मल्टिमीटर घेतो. पट्टी नुसती काळवंडली असेल तर मऊ कापड आणि स्पिरिटने पुसून पुन्हा मोजा. पॉलिश पेपर नको, पट्टीचा थर फार पातळ असतो.

बसवताना सील नवीनच घाला. सीट लावायच्या आधी टाकी फुल करून रिंगभोवती बोट फिरवा. ओल लागली तर सील कुठेतरी दुमडलंय, रिंग पुन्हा काढा.