गोलकीपर पोराच्या कादंबरीवर पोरांशी गप्पा मारताय? मग आमच्या या चुका टाळा

आमच्याकडे न्यू जर्सीत महिन्यातून एका शनिवारी सहा-सात पोरं जमतात, सहावी-सातवीतली, शाळेत जे पुस्तक चालू असेल त्यावर गप्पा. भाषा अर्धी मराठी अर्धी इंग्रजी, मधे चिवड्याची परात. मागे एकदा 'टँजरिन' घेतलं. एडवर्ड ब्लूरची १९९७ ची कादंबरी, फ्लोरिडातली, इथल्या बऱ्याच मिडल स्कूलमध्ये वाचायला लावतात. पॉल फिशर नावाचा सातवीतला पोरगा, जाड भिंगाचा चष्मा, कायद्याच्या भाषेत अंध आणि तरी सॉकरचा गोली. मला वाटलं झकास विषय आहे, पोरं तुटून पडतील. पहिली चर्चा एवढी फसली की वीस मिनिटांत सगळे फोन मागायला लागले. दुसऱ्यांदा जमली. मधल्या काळात कळलं की चुका पोरांच्या कमी न् आपल्याच जास्त होत्या. (पुढे शेवट फोडलाय, पुस्तक वाचायचं असेल तर आधी ते वाचा.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी बसल्या बसल्या विचारलं, "काय शिकलात यातून?" झालं. आपल्याला शाळेत धड्याखाली तात्पर्य लिहायची सवय, तीच पोरांच्या माथी मारली. पोरं हुशार, त्यांनी लगेच ठेवणीतली वाक्यं काढली, हार मानू नये, अपंगत्वावर मात करता येते, भावाभावांनी भांडू नये, आणि मग शांतता, कारण उत्तर दिल्यावर पुढे बोलायला काय राहतं? दुसऱ्या वेळी एकच नियम ठेवला, जे म्हणशील त्याचं पान दाखव. "आई वाईट आहे" म्हणालास ना, कुठल्या पानावर? तो पान शोधतो, तोवर दुसरा म्हणतो अरे पण त्याच्या आधीच्या पानावर बघ ती काय करते, आणि आपण गप्प बसायचं. हा एक नियम पाळलात तर खाली लिहिलेल्या निम्म्या चुका आपोआप निघतात, पण निम्म्याच.

फुटबॉल म्हणजे कुठला फुटबॉल हे आधी सांगून टाका. इथल्या पोरांना प्रश्न नाही, पण माझी पुण्याची भाची व्हिडिओ कॉलवर बसलेली, तिला अर्धं पुस्तक कळेना. भाऊ एरिक फुटबॉल खेळतो आणि पॉल सॉकर, मग दोघं एका टीममध्ये का नाहीत? एरिकचा फुटबॉल म्हणजे तो हेल्मेटवाला अमेरिकन, त्यात एरिक किकर, म्हणजे एकजण बॉल जमिनीवर उभा धरून ठेवतो न् हा धावत येऊन लाथ मारतो. तो बॉल धरणारा कोण, ही गोष्ट पुस्तकात फार महत्त्वाची आहे, आधी माइक कॉस्टेलो, तो वीज पडून मेल्यावर आर्थर बाऊर, आणि पुढे एरिकच्या इशाऱ्यावर जो घात होतो तो आर्थरच्याच हातून. बॉल धरणारा म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याच्या डोक्यावरून ही साखळी जाते. दोन मिनिटं व्हिडिओ दाखवा, पुरे.

आणखी एक, पॉल पूर्ण पुस्तकभर गोलमध्ये उभा नसतो! पुढे तो ज्या टँजरिन मिडल स्कूलमध्ये जातो तिथल्या टीममध्ये शांड्रा नावाची मुलगी मुख्य गोली आहे, हा बदली खेळाडू. आमच्यातल्या दोघांनी नुसतं मागचं कव्हर वाचलेलं, ते तिथेच सापडले :)

आता 'अंध' या शब्दाचा घोळ. पोरांना वाटलं काळाकुट्ट अंधार, मग याला बॉल दिसतो कसा, लेखकाने फेकलीय. अमेरिकेत कायद्याने अंध म्हणजे चष्मा लावूनसुद्धा चांगल्या डोळ्याची नजर २०/२०० किंवा त्याहून कमी, म्हणजे बाकीच्यांना २०० फुटांवरून जे दिसतं ते याला २० फुटांवर जावं लागतं, नाहीतर मग नजरेचा घेर २० अंश किंवा त्याहून कमी. बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं. सॉकरचा गोल २४ फूट रुंद न् ८ फूट उंच, आम्ही अंगणात पावलं टाकून मोजला, दोन कुंड्या ठेवल्या आणि प्रत्येकाला मधे उभं केलं. त्यानंतर 'फेकलीय' बंद झालं आणि एका पोरीने फारच नेमकं विचारलं, की कमी कोणाला दिसतं, पॉलला की त्याच्या आईबापाला. हा प्रश्न मी आधी विचारला असता तर तो मेला असता, एवढं नक्की.

ग्रहणाचं प्रकरण जरा जपून हाताळा. घरात पॉलला सांगितलेलं असतं की लहानपणी तू उघड्या डोळ्यांनी ग्रहण बघत बसलास म्हणून डोळे गेले. आमच्या पोरांनी ८ एप्रिल २०२४ चं ग्रहण शाळेच्या मैदानावर ते कागदी चष्मे लावून बघितलेलं, त्यामुळे त्यांना पटकन पटलं, आणि एकाची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली बघा, ग्रहण पाळत नाहीत ना. विज्ञान म्हणून हे शक्य आहेच, सूर्याकडे बघत राहिलं की डोळ्यातला पडदा भाजतो आणि त्या पडद्याला दुखणं कळत नाही म्हणून त्या क्षणी काही जाणवत नाही. मी इथे घाई केली, "अगं पण ते खोटं आहे, भावाने डोळे उघडे धरले न् त्याच्या मित्राने स्प्रे पेंट मारलेला असतो" असं बोलून गेले. तिघांचं शेवटपर्यंत वाचून झालं नव्हतं. त्यांचे चेहरे बघून चिवडा घशात अडकला माझ्या.

म्हणून आता आधी हात वर करायला लावते, कोण कुठल्या तारखेपर्यंत पोचलंय. तारीख म्हणजे, पुस्तक पॉलच्या डायरीसारखं आहे, ऑगस्टपासून पुढे. पोरं हे विसरतात न् पहिल्या भागातल्या पॉलवर चिडतात की याला कळत कसं नाही. अरे, त्याने त्या दिवशी तेवढंच पाहिलंय! चर्चा तारखेप्रमाणे नेली की मजा येते, या दिवशी त्याला काय माहीत होतं, काय आठवत होतं, काय आठवायचं नव्हतं.

"एरिक व्हिलन, संपलं." हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये येणार, त्याला अडवू नका पण तिथे थांबूही नका. आईवडिलांना खरं काय ते माहीत होतं आणि पॉलने भावाचा द्वेष करू नये म्हणून त्यांनी ग्रहणाची गोष्ट रचली. यावर आमच्याकडे पाऊण तास गेला, कारण प्रत्येकाला आपलं घर आठवलं, अर्थात कोणी तसं बोललं नाही. आणि मग पॉल स्वतः. लुईस क्रूझ म्हणजे पॉलच्या टीममधल्या टिनोचा मोठा भाऊ, त्याच्यावर हल्ला होतो (तोच, आर्थरच्या हातचा) तेव्हा हा ब्लीचर्सखाली, म्हणजे मैदानाकडेच्या बसायच्या पायऱ्यांखाली, लपून सगळं बघतो न् गप्प राहतो, लुईस काही दिवसांनी मरतो. पोरं हिरोला सोडून देतात, पान उघडून समोर ठेवल्याशिवाय या विषयाला हात घालत नाहीत.

इथे कुणी रडवेलं झालं तर? आमच्यात झालं. विषय बदलू नका, पाणी द्या न् दुसऱ्याला बोलू द्या.

आयईपी. हे पालकांसाठी. विशेष गरज असलेल्या मुलासाठी शाळा जी लेखी योजना बनवते ती, १९७५ च्या कायद्यापासूनचा मुलांचा हक्क आहे इथे. पुस्तकात आई शाळेत नाव घालताना तो फॉर्म भरते आणि त्यावरूनच विम्याचं कारण सांगून कोच पॉलला टीममधून काढतो, म्हणून नव्या शाळेत जाताना तो आईला तो फॉर्म देऊ नको म्हणतो. पोरांचा निष्कर्ष, आयईपी वाईट. घाईने हो म्हणू नका, तुमच्याच हॉलमध्ये बसलेल्या एखाद्या पोराचा आयईपी असू शकतो न् तुम्हाला पत्ता नसतो. मी विचारलं, कागद चुकला की कागद वाचणारा? दोन गट पडले.

आता माझी आवडती चूक, निसर्गाला नाटकातला नुसता मागचा पडदा समजणं. जमीन खचून शाळेच्या तात्पुरत्या वर्गखोल्या गिळल्या जातात, जमिनीखाली आग धुमसते, घरांना वाळवी, रोज दुपारी वीज. पोरं म्हणतात टू मच. टू मच काही नाही, फ्लोरिडा असंच आहे. खाली चुनखडीचा दगड, पावसाच्या पाण्याने विरघळून पोकळ्या होतात न् वरची जमीन बसते, मे १९८१ मध्ये ऑरलँडोजवळ विंटर पार्कला अशाच खड्ड्यात एक घर आणि गाड्या गेल्या होत्या. आणि वाळवी कुठून आली, तर संत्र्याच्या बागा जाळून, गाडून त्यावर कॉलनी उभी केली म्हणून. खाली दाबलेलं वर येतं, घरातलं आणि जमिनीतलं, हे एका पोराने स्वतः जोडलं. मी नुसती बागांची पानं परत वाचायला लावली होती.

संत्र्याचं मात्र मला बोलायचंच होतं कारण मी वरुडची, विदर्भातल्या संत्र्यांच्या गावची. टँजरिनला मोसंबी म्हणू नका हो, सोलायला सोपं, सैल सालीचं, ते आपल्या संत्र्याचंच भावंड. लुईस थंडी सोसणारी नवी जात तयार करत असतो, गोल्डन डॉन, आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री रोपं वाचवायची धडपड चालते. आपल्याकडे संत्र्याची कलम जंबेरीच्या, म्हणजे एका जाड सालीच्या लिंबाच्या, रोपावर बांधतात हे मी सांगितलं तेव्हा पोरांना पहिल्यांदा कळलं की आजोबा करायचे ते काम म्हणजे काय. फ्लोरिडात डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ न् डिसेंबर १९८९ च्या गारठ्याने बागाच्या बागा गेल्या. शेतकरी तिथे झाडांवर पाणी फवारतात, पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि पाणी चालू असेपर्यंत रोप शून्याच्या आसपास टिकतं. पाणी मधेच बंद पडलं तर उलट नुकसान. यात मी पंधरा मिनिटं खाल्ली, नवरा दारातून खुणा करत होता, तर ही पण चूकच धरा.

बाकी किरकोळ. कोणीच वाचून आलं नसेल तर रागावू नका, ग्रहणाबद्दलचं एखादं पान आणि शेवटच्या भागातली एक नोंद आळीपाळीने मोठ्याने वाचा, तासभर निघतो. एकच पोरगा बोलत असेल तर त्याला पानं शोधायचं काम द्या. आणि खऱ्या आयुष्यात गोली असलेलं पोर ग्रुपमध्ये असेल तर त्याला शेवटी बोलू द्या, आमच्याने सुरुवातीलाच पेनल्टीच्या वेळी गोली कुठे बघतो ते हातवारे करून सांगितलं, सोफ्यावरून उडी मारून दाखवली न् परात पालथी केली, नंतर पुस्तकाकडे कोणी बघेना.